काशीला काय सोडलं?

काशीहून परत आलेल्या मराठी माणसाला दर्शन कसं झालं, हे कोणी विचारत नाही. "काय सोडलं?" असं विचारतात. काशीला गेलं की आवडीची एखादी भाजी, एखादं फळ जन्माचं सोडून यायचं, ही आपल्याकडची जुनी चाल. हेतू वैराग्याचा. पण वैराग्यातूनही पळवाट काढण्यात आमचं घराणं तरबेज. वडिलांनी कारलं सोडलं, जे त्यांनी आधीही कधी तोंडाला लावलं नव्हतं. थोरल्या काकांनी फणस सोडला. तो त्यांना डॉक्टरांनी आधीच बंद केला होता. एका मामेभावाने गेल्या साली ॲव्होकाडो सोडला. मिरजेत या त्यागाची झळ कुणालाच लागली नाही.

मी अक्कलदाढ सोडली. वरची, उजवीकडची.

अक्कलदाढ ही काही आवडीची वस्तू नव्हे, तेव्हा ती धरता येणार नाही, असं मावशीचं म्हणणं आहे आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण वादाच्या मागे आठ वर्षांचा इतिहास आहे, तो आधी सांगायला हवा.

दुखत होती ती अक्कलदाढ नव्हतीच. तिच्या पुढची दुखत होती. दंतवैद्यांच्या दप्तरी प्रत्येक दाताला नंबर असतो. वरच्या उजव्या बाजूचा समोरचा दात ११, मग १२, १३ करत मागे मागे जायचं, शेवटी अक्कलदाढ १८. वरची डावी २८, खालची डावी ३८, खालची उजवी ४८. अक्कल येण्याचं इतकं प्रामाणिक वेळापत्रक मी दुसऱ्या कुठल्याही शास्त्रात पाहिलेलं नाही. अठराव्या वर्षी आली तर आली. नाहीतर अठ्ठाविसाव्या, नाहीतर अडतिसाव्या. अठ्ठेचाळीसला शेवटची गाडी. मी तेव्हा सत्तेचाळीस पुरे केलेला होतो.

माझी १७ नंबर ही अतिशय सरळमार्गी दाढ. बाराव्या-तेराव्या वर्षी वेळेवर आली, रांगेत उभी राहिली, पस्तीस वर्षं निमूट ज्वारीची भाकरी चावली. आणि तिलाच कीड लागली. तीही पाठीला. मागच्या अंगाला, हिरडीच्या आड, जिथे ब्रश जात नाही, जीभ जात नाही आणि संशयही जात नाही. गावच्या एका दंतवैद्यांनी ती भरली. सिमेंट निघालं. पुन्हा भरली, पुन्हा निघालं. मग त्यांनी मला गोड कमी खायला सांगितलं. मी चहातली साखर बंद केली, त्यामुळे घरात माझी चिडचिड वाढली. दाढेत फरक शून्य. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "हिच्या मागे वर हाडात एक दडून बसलीय. ती काढल्याशिवाय हिची सुटका नाही."

"वरची?" मावशीने विचारलं. "वरची दाढ काढली की डोळा जातो."

मावशीकडे पुरावा होता. तिच्या लहानपणी वाड्यात एक मास्तर राहायचे. त्यांनी वरची दाढ काढली आणि त्यांचा डोळा गेला. मी जरा खोलात शिरलो तेव्हा कळलं, की दाढ काढली चाळिसाव्या वर्षी आणि डोळा गेला बहात्तराव्या वर्षी, मोतीबिंदूने. "पण गेला की नाही?" मावशी म्हणाली. यावर उत्तर नव्हतं. महाराष्ट्रात ज्याच्या-त्याच्या वाड्यात असा एक मास्तर होऊन गेलेला आहे. मी डोळा सांभाळायचं ठरवलं आणि आठ वर्षं डाव्या बाजूने जेवलो.

आठव्या वर्षीच्या डिसेंबरात मावशीने काशी काढली. तिला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकटीला कसं पाठवायचं म्हणून मी आणि बायको बरोबर. महानगरी एक्स्प्रेसने उतरलो आणि दुर्गाघाटाजवळच्या एका जुन्या वाड्यात मुक्काम केला. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा काशीतला जुना मराठी शेजार. गल्लीत अचानक कानावर "अगं, नळ आला का?" असं पडतं आणि आपण कुठे आहोत ते क्षणभर कळत नाही. विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० साली बांधलं, हे शाळेत शिकलेलं असतंच. पण त्याच्याही दोनशे वर्षं आधी पैठणहून आलेल्या भटांच्या घराण्यातल्या नारायणभट्टांनी विश्वनाथाची पुन्हा स्थापना केली होती. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण कुणी कशावरून रचली कोण जाणे. काशीने पैठणच्या भटांना ओसरी दिली आणि त्यांनी हातपाय पसरले ते थेट रायगडापर्यंत. १६७४ साली राज्याभिषेकाला गेलेले गागाभट्ट याच घराण्यातले.

हे सगळं मी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने बायकोला ऐकवत होतो. संध्याकाळी पान खाल्लं आणि उत्साह संपला. बनारसी माणूस पान चावत नाही. गालात ठेवतो आणि विरघळवतो; 'घुलाना' म्हणतात त्याला. मी मिरजेचा. मी चावलं. सुपारीचं एक खांड १७ नंबरच्या मागे जाऊन असं बसलं, की मला गंगेवरच्या आरतीचे दिवे दुप्पट दिसायला लागले.

रात्रभर मी कुशी बदलत होतो. सकाळी वाड्याचे व्यवस्थापक चौकशीला आले. तोंडात पान असल्यामुळे त्यांनी मान आकाशाकडे केली, पानाचा रस सांभाळला आणि म्हणाले, "निकलवा दीजिए गुरू. बस, ऊपर वाली मत निकलवाइएगा. आँख चली जाएगी." मावशीने माझ्याकडे पाहिलं. इतका लांबचा प्रवास करून आलो आणि इथेही मास्तरच!

पण दुखणं असं होतं की डोळा गेला तरी चालेल, एक उरतोच, या हिशेबावर मी आलो होतो. गोदौलियाच्या बाजूला एक मराठी दंतवैद्य आहेत असं कळलं. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचं मराठी ऐकायला फार गोड असतं. व्याकरण आपलं, चाल गंगेची. "चिंता नका करू, आरामात बसा. आपण सगळं बघून घेऊ," ते म्हणाले. मावशीही आत आली. तिने खुर्ची ओढून माझ्या डोळ्याच्या बाजूला बसून घेतलं.

जबड्याचा अख्खा एक्स-रे निघाला. पडद्यावर माझे बत्तीसच्या बत्तीस दात एका ओळीत हसत होते. आयुष्यात इतकं मोकळं मी कधी हसलो नसेन. आणि कोपऱ्यात, हाडाच्या आत, १८ नंबर. उभी नव्हती. पुढे कलून, १७ नंबरच्या पाठीवर डोकं टेकून निवांत झोपली होती.

डॉक्टर खूश झाले. "अरे वा, ही तर काशी करवट!"

मावशी ताडकन उठली. तिला करवट नाही, करवत ऐकू आलं. पूर्वी मोक्षासाठी लोक काशीला जाऊन करवतीखाली देह ठेवत, हे तिने कीर्तनात लहानपणापासून ऐकलेलं. "करवत लावणार दाढेला? ऊठ रे, ऊठ!"

डॉक्टरांनी समजूत घातली. मणिकर्णिकेच्या शेजारी, शिंदे घाटाच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. ते एका बाजूला कललेलं आहे, सुमारे ९ अंश म्हणतात. पिसाचा मनोरा त्याच्यापुढे ४ अंशांवर आहे, पण त्याला जाहिरात चांगली मिळाली. कुशीवर वळल्यासारखं दिसतं म्हणून लोक त्या देवळालाही काशी करवट म्हणतात. ते का कललं याच्या काशीत जितकी तोंडं तितक्या कथा. कुणी म्हणतं, बांधणाऱ्याने 'आईचं ऋण फेडलं' अशी बढाई मारली आणि देऊळ वाकलं. कुणी सांगतं, अहिल्याबाईंच्या रत्ना नावाच्या दासीने त्याला स्वतःचं नाव दिलं आणि बाईंचा शाप लागला. मला वाटतं, काशीत गाळावर देऊळ बांधलं की शाप वेगळा द्यावा लागत नाही. शेजारचा शिंदे घाट तर बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास इतका भारदस्त बांधला, की तो स्वतःच्याच वजनाने खचला. तो नंतर पुन्हा बांधावा लागला.

मग पेन्सिल घेऊन डॉक्टर माझ्याकडे वळले. सगळ्यात शेवटी उगवणारी ही दाढ. सतरा ते पंचवीसच्या दरम्यान येते. तोवर जबड्यातल्या जागा सगळ्या गेलेल्या असतात. जागा नसली की ती हाडातच अडकते, नाहीतर वाट दिसेल तिकडे सरकते. कधी गालाकडे तोंड करते आणि माणूस जेवताना स्वतःचा गाल चावतो. कधी माझ्यासारखी पुढे कलते. मग तिच्यात आणि शेजारणीत एक फट पडते. त्या फटीत अन्न जातं आणि बाहेर येत नाही. शेजारणीची पाठ किडते, दोघींच्या मधलं हाड झिजतं, हिरडी सुटते. आणि हे कमी म्हणून की काय, वर्षानुवर्षं रेटा बसला की शरीर आपणहून शेजारणीच्या मुळाचा तेवढा भाग विरघळवून टाकतं. लहानपणी दुधाच्या दातांची मुळं विरघळतात तसंच.

"आणि हे होताना दुखतं?" बायकोने विचारलं.

"मूळ झिजताना बहुतेक नाहीच. म्हणून तर कळत नाही. कीड आत पोचली की दुखतं. आणि दुखतं कोण? सतरा नंबर. लोक येऊन तिचीच तक्रार करतात. बरेचदा तिलाच काढून टाका म्हणतात. करणारी वर झोपलेली."

मी १७ नंबरची मनातल्या मनात क्षमा मागितली. आठ वर्षं मी तिला दोन वेळा खोदलं, तिच्यापायी साखर सोडली, पाहुण्यांसमोर तिला शिव्या दिल्या. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्यांच्या न्हाणीघरातून पाणी झिरपायचं आणि सगळे जण ज्याच्या भिंतीला ओल आली त्यालाच रंग नीट लावला नाही म्हणून बोलायचे. ओल आलेला मी होतो. तरीही मला अक्कल आली नव्हती. नंबर १८ अजून हाडातच होता ना.

या दाढेला अक्कल चिकटवली कुणी, हाही एक प्रश्न आहे. अक्ल शब्द अरबी. अरबीतही ती अकलेचीच दाढ आणि लॅटिनमध्येही शहाणपणाचाच दात. जपानी लोक मात्र तिला 'आईबापांना ठाऊक नसलेली' अशा अर्थाचं नाव देतात, कारण ती येते तेव्हा पोरगं हाताबाहेर गेलेलं असतं. हे नाव मला जास्त पटतं. आईबापांना ठाऊक नसलेल्या पुष्कळ गोष्टी याच वयात पुढे कलतात आणि शेजारणीवर डोकं टेकतात.

मावशीने आता मूळ मुद्दा काढला. "डोळ्याचं काय?"

इथे डॉक्टरांनी एक चूक केली. खरं बोलले. त्यांचे वडील वैद्य होते आणि सुश्रुतसंहिता त्यांच्या घरात रोजच्या वर्तमानपत्रासारखी वाचली जायची. "मावशी, हे तुमचं बोलणं थेट आमच्या काशीचंच आहे," ते म्हणाले. सुश्रुताने ही विद्या घेतली ती काशिराज दिवोदास धन्वंतरींकडून. त्याने मुखाचे ६५ रोग मोजले आहेत. शेवटच्या दाढेपाशी मोठी सूज, प्रचंड वेदना आणि लाळ गळणं, असा रोग त्याने वेगळा नोंदवला; आज अक्कलदाढ उगवताना हिरडी सुजलेला रोगी दवाखान्यात येतो तो हेच सांगत येतो. आणि याच सुश्रुताने वैद्याला बजावून ठेवलं आहे, की वरचा दात हलत असला तरी उपटू नये. रक्त फार जातं, तोंड वाकडं होतं आणि माणूस एका डोळ्याने आंधळा होतो.

मावशीने हात जोडले. मास्तरांना थेट धन्वंतरींच्या घरातून साक्षीदार मिळाला होता. "बघ," ती मला म्हणाली. तो 'बघ' सुमारे दोन हजार वर्षांच्या वजनाचा होता.

डॉक्टरांना चूक कळली. मग त्यांनी अर्धा तास घालवला. सुश्रुताकडे भूल नव्हती, एक्स-रे नव्हता, वाहतं रक्त थांबवायची आजची साधनं नव्हती. त्या काळी वरच्या जबड्याला हात न लावणं हा शहाणपणाच होता. वरच्या दाढांच्या मुळांच्या डोक्यावर गालाआडच्या हाडातली पोकळी असते, सर्दीत आपली भरते ती. डोळा तिच्याही वर. वरच्या दातांना संवेदना पुरवणारी नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने दृष्टीच्या नसेला धक्का बसत नाही. उलट, सडलेली दाढ तशीच ठेवली आणि पू वर चढला, तर क्वचित डोळ्याला धोका होऊ शकतो तो तेव्हा. आणि सगळ्याच अक्कलदाढा काढायच्या असंही नाही. सरळ आलेली, ब्रश पोचणारी, कुणाला त्रास न देणारी दाढ जन्मभर सुखाने राहू दे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला तर २००० सालीच सांगण्यात आलं, की निरोगी अक्कलदाढा उगाच काढत बसू नका.

मावशीच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. शेवटी डॉक्टरांनी वडिलांचा हुकमी पत्ता टाकला. "आणि मावशी, सुश्रुतानेच सांगितलंय की जादा आलेला दात असेल तर तो काढावा."

"काढावा?"

"काढावा. आणि मग त्या जागी डाग द्यावा. अग्नीने."

"मग तुम्ही डाग देणार?"

"आम्ही आइस्क्रीम देतो."

हे मावशीला पटलं. का पटलं ते विचारू नका. शास्त्रात 'काढावा' असल्याशी कारण.

काढणं हा या गोष्टीतला सगळ्यात छोटा भाग. इंजेक्शन दिलं, गाल भोपळा झाला, मग हिरडीला जराशी चीर. वरच्या जबड्याचं हाड खालच्यापेक्षा मऊ, जाळीदार असतं, त्यामुळे वरची दाढ निघायला बहुधा सोपी जाते, असं डॉक्टर सांगत होते. मी तोंड वासलेल्या स्थितीत प्रश्न विचारत होतो. "आँ आँ ऊँ?" आणि ते प्रत्येक प्रश्नाचं नेमकं उत्तर देत होते. आधी मला चमत्कार वाटला. मग लक्षात आलं, या माणसाचा जन्म बनारसमध्ये गेलाय. तोंडात पान धरून, मान वर करून बोलणाऱ्यांशीच त्यांनी आयुष्यभर गप्पा मारल्या आहेत. पंचवीस मिनिटांत १८ नंबर ट्रेमध्ये पडली. चार मुळं होती की तीन ते मला दिसलं नाही. मी दोन्ही डोळे आलटून पालटून मिटून मावशीकडे बघत होतो. दोन्हींनी मावशी दिसत होती.

"ती दाढ द्या आमची," मावशी म्हणाली. "हाडच आहे. काशीत निघालंय. गंगेत सोडू."

"नाही चालायचं मावशी. शरीरातून निघालेलं असं सगळं पिवळ्या पिशवीत जातं. सरकारी नियम."

अशा रीतीने काशीत देह ठेवण्याच्या दिशेने मी टाकलेलं पहिलं पाऊल पिवळ्या पिशवीत गेलं.

खरी शिक्षा पुढे होती. कापसाचा बोळा तासभर दाताखाली धरायचा. चोवीस तास गुळण्या नाहीत, गरम नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, आणि थुंकायचं अजिबात नाही. नाहीतर जखमेतली गाठ निघते. चोवीस तास न थुंकता बनारसमधून हिंडणारा त्या दिवशी मी बहुधा एकटाच असेन. गल्लीतून जाताना लोक पिचकाऱ्या टाकत होते आणि मी लाळ गिळत त्यांच्याकडे हेव्याने पाहत होतो. मात्र थंडीचे दिवस होते, तेव्हा मलइयो होता. दूध रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळून काढलेला केशरी फेस. कुल्हडात देतात, जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. दात नसलेल्यांसाठी ईश्वराने बनारसला केलेली सोय. मी दोन दिवस त्याच्यावर काढले. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आता दुखत नसेल तर नाटक पुरे."

१७ नंबर वाचली. मुळाचा थोडा भाग झिजलाय, पाठ खोल किडली होती. मिरजेला आल्यावर रूट कॅनाल झाली, वर टोपी बसली. आता ती रांगेत शेवटची आहे आणि तिच्या मागे मोकळी ओसरी आहे. मी उजव्या बाजूने जेवतो.

मावशीने मात्र परतीच्या गाडीत निकाल दिला. सोडायची ती आवडीची वस्तू. दाढ ही काढलेली वस्तू आहे, सोडलेली नव्हे. तेव्हा माझी काशी अजून बाकी आहे. तिने स्वतः वांगं सोडलं, आणि आता भरल्या वांग्यांच्या वासाने तिचा जीव कासावीस होतो. आमच्या घराण्यात खरं सोडणारी ती पहिलीच.

परवा डोळे तपासून आलो. उजव्या डोळ्याचा नंबर पावाने वाढलाय. वयाप्रमाणे वाढतो, असं नेत्रतज्ज्ञ म्हणाले. मावशीला अजून सांगितलेलं नाही. तुमची तिची गाठ पडली, तर तुम्हीही सांगू नका.